संध्याकाळचं माप

७ जून

बाबा,

फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भडकतो आणि पाचव्याला फोन आपटतो, म्हणून हे पत्र. कागदावर तुम्हाला माझं बोलणं मधेच तोडता येणार नाही आणि मला आपटायला काही मिळणार नाही. पत्रानंच बोलायचं हा नियम तुमचा. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं काही ऐकतोय, लक्षात असू द्या.

सोबतच्या खोक्यात बूट आहेत. मी केलेले, आणि तुमच्यासाठी. जानेवारीत तुम्ही सकाळचा चहा घेत होतात तेव्हा पायाखाली कागद सरकवून मी पेन्सिल फिरवली होती, आठवतं? "कॉलेजात हल्ली हेच शिकवतात वाटतं," असं म्हणाला होतात. पुढच्याच महिन्यात मी कॉलेज सोडलं आणि तो कागद खिशात घालून इथे आलो. मी काम करतो ते दुकान स्टेशनच्या भुयारी वाटेत आहे. एका बाजूला चाव्या, दुसऱ्या बाजूला बूटदुरुस्ती. दिवसभर लोकांच्या झिजलेल्या टाचा बदलतो आणि शटर अर्धं ओढल्यावर मालक मला त्यांचे साचे वापरू देतात. महिनाभर रोज तासभर बसून हा जोड केला.

आता खरी गोष्ट. मी बहुतेक मरणार. हसू नका. रात्री अडीचच्या सुमाराला खाडकन जाग येते. छातीत कुणीतरी जिना धावत चढत असतं आणि वरचा मजला येतच नाही. श्वास घेतो, पण पुरत नाही. मग खिडकी उघडून उजाडेपर्यंत कठड्याला टेकून उभा राहतो. कारण मला ठाऊक आहे. जिच्यापायी मी या शहरात आलो ती इथल्या रुग्णालयात नर्सिंग शिकते. आठवड्यातून एकदा भेटते, आणि भेटली की सारखी घड्याळ बघते. माझं हृदय तिनं खराब केलंय. तुम्हाला पटणार नाही, पण असं होतं माणसाला.

बूट कसे बसले ते कळवा. खरं खरं कळवा.

भडकू

१९ जून

भडकू,

बूट मिळाले. शेजारच्या शिंप्याला बोलावून त्याच्यासमोर खोका उघडला. डाव्या बुटाच्या टाचेशी सहावा टाका जरा डुलतोय. बाकीचे मी घातले असते तर एवढेच बरे आले असते. याहून जास्त स्तुती या घरात आजवर कुणाला मिळालेली नाही, तेव्हा पुरवून वापर.

तू खरं लिही म्हणालास म्हणून लिहितो. सकाळी अगदी पायावर ओतल्यासारखे बसतात. दुपारनंतर चावतात, आणि दिवेलागणीला नाड्या पार सोडाव्या लागतात. पाय सकाळी झोपलेला असतो, माप नेहमी संध्याकाळी घ्यावं, हे तू आठ वर्षांचा असताना मी तुला शिकवलं होतं. तू सकाळी घेतलंस. चूक तुझी एकट्याची नाही. मी तेव्हाच हटकायला हवं होतं, पण तू माझ्या पायाशी बसला होतास. म्हटलं, बसू दे.

तुझं रात्रीचं वाचून मी चमकलो. तुला सांगणार नव्हतो, पण माझंही तेच चाललंय. साधारण तुझ्याच वेळेला उठून बसतो. आडवा झालो की छातीवर कुणी पाय ठेवल्यासारखं होतं, बसलो की सुटतो. एका उशीच्या दोन झाल्या, आता तीन लागतात. तिसरी तुझ्या आईची. ती गेल्यापासून कपाटातच होती. मला वाटायचं, तू गेलास त्या काळजीनं होतंय. आता तुलाही तेच होतं म्हटल्यावर जिवाला बरं वाटलं. आपण एकाच चामड्यातून कापलेले, दोष असला तरी दोघांत सारखाच निघायचा.

तुझी ती रुग्णालयातच आहे, तर तिथल्या डॉक्टरला दाखव. टाळाटाळ करू नकोस. तो तुला जे सांगेल ते मला लिहून पाठव, मीही तसंच करीन. बाप-लेकाला एक डॉक्टर पुरे.

बाबा

४ जुलै

बाबा,

डॉक्टरकडे जाऊन आलो. तिनंच नेलं. बाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा जवळजवळ तासभर ती शेजारी होती, आणि घड्याळ फक्त दोनदा बघितलं. त्या तासासाठी मी दर आठवड्याला आजारी पडायला तयार आहे.

छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, "घोड्याचं हृदय आहे, पळव कुठेही." हे सगळं मनाचं आहे म्हणाले. काळजी, अपुरी झोप, रिकाम्या पोटी चहा. मला थोडा अपमानच वाटला. एवढं सोसायचं आणि वर घोडा म्हणवून घ्यायचं.

तुमच्यासाठी उपाय लिहून घेतलाय. चहा दोनच वेळा. झोपताना भांडणाचा विचार नाही (आपल्या घराण्याला अवघड आहे). जाग आली की घाबरायचं नाही. चार मोजेपर्यंत श्वास आत, चार मोजेपर्यंत धरायचा आणि सहा मोजत सोडायचा. असं दहा वेळा. स्वतःला सांगायचं की हृदय ठणठणीत आहे, हे फक्त मन आहे. मला परवापासून फरक पडलाय. तुम्हीही करा. गोळी नाही, सुई नाही.

आता बुटांचं. माप सकाळी घेतलं, मान्य. पण संध्याकाळसाठी मी सूतभर जागा जास्त ठेवली होती. माणसाचा पाय दिवसात सूतभरच वाढतो, हेसुद्धा तुम्हीच शिकवलंत. मग चावतील कसे? चामडं ओलं तर झालं नव्हतं ना? की दुसऱ्यानं केलेला बूट पायात घालायची सवय नाही?

भडकू

१५ जुलै

भडकू,

चामडं कोरडं आहे. सवयीचं म्हणशील तर माझ्या जुन्या बुटांचाही संध्याकाळी तोच तमाशा चाललाय. तोंडी सांगून तुला पटायचं नाही, म्हणून दोन कागद जोडतोय. एक उठल्या उठल्या काढला, दुसरा त्याच दिवशी दुकान बंद करताना. वर तसं लिहिलंय. कारागीर असशील तर बघशील, मुलगा असशील तर भांडशील.

तुझी मोजणी रोज करतो. हृदय ठणठणीत, हे फक्त मन, असं दहादा म्हणतो. शिंप्यानं एकदा ऐकलं. म्हणाला, "म्हातारपणी पाढे पाठ करताय का?" तुझ्या डॉक्टरचं नाव सांगून त्याला गप्प केलं. तो मला इथल्या दवाखान्यात चला म्हणत होता. म्हटलं, कशाला, आमचं निदान झालंय.

हल्ली मी वर झोपायला जात नाही. जिना चढताना मधे दोनदा थांबावं लागतं आणि वर पोचल्यावर आपण कशाला आलो तेच आठवत नाही. दुकानातली गिऱ्हाइकाची खुर्ची आहे ना, हातवाली, तिच्यात बसल्या बसल्या झोप लागते. पाय खोक्यावर ठेवतो. मोज्यांची रेघ घोट्यावर अशी उमटते की शिवण टाकल्यासारखी दिसते.

तुझ्या तिचं काय ते लिही. ती घड्याळ बघते याचा अर्थ तिला कुठेतरी जायचं असतं, एवढाच घ्यावा माणसानं. तुझ्या आईनं मला दीड वर्ष ताटकळत ठेवलं होतं, आणि शेवटी बूट दुरुस्तीला आणला तोही एकच.

पावसाचे दिवस सरले की, किंवा त्याआधीही, जमलं तर एकदा ये. माप तू स्वतः घ्यावंस असं वाटतं. माझा हात हल्ली जरा कापतो.

बाबा

२४ जुलै

बाबा,

तिनं नाही म्हणून सांगितलं. काल, रुग्णालयाच्या फाटकापाशी, उभ्या उभ्या. म्हणाली, "तू माझ्यासाठी काही सोडलंस याचं ओझं माझ्यावर टाकू नकोस. मी सांगितलं नव्हतं." बरोबरच आहे, तिनं सांगितलं नव्हतं. मला कुणीच काही सांगत नाही, मीच आपला उड्या मारतो.

घरी आलो तर टेबलावर तुमचे दोन कागद. एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. संध्याकाळचा पाय सकाळच्यापेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठा. असा पाय असतो का कुणाचा? पेन्सिल तिरकी धरली असणार, दुसरं काय. पेन्सिल उभी धर, उभी धर म्हणून तुम्ही माझ्या बोटांवर पट्टी मारायचात. आता स्वतः तिरकी धरायची, आणि नाव माझ्या बुटांचं.

मला कळतं हे कशासाठी चाललंय. माझ्या हातचं तुम्हाला कधीच बसलं नाही. कॉलेजात होतो तेव्हा दुकानात बस म्हणायचात, दुकानात बसलो की अभ्यास कर. आता बूट केले तर तेही चावतात. नसतील बसत तर देऊन टाका कुणाला. शिंप्याला द्या.

मी येणार नाही. मापंही पाठवू नका.

९ ऑगस्ट

भडकू,

तुझ्या पत्राखाली नाव नव्हतं. अक्षरावरून ओळखलं.

मुलीचं वाचून वाईट वाटलं. हे नीट लिहायला हवं, पण मला येत नाही. तू इथे असतास तर तुला खिळे सरळ करायला बसवलं असतं. तुझी आई गेली तेव्हा मी तीन महिने तेच केलं.

पेन्सिल तिरकी असेल. मी नाही म्हणत नाही. वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यात गेला असेल हात बाहेर. बूट शिंप्याला दिलेले नाहीत. सकाळी दहापर्यंत घालतो, मग काढून समोरच्या फळीवर ठेवतो. गिऱ्हाइकं विचारतात, विकायचे का. म्हणतो, नाही, मुलानं केलेत.

तुझी मोजणी चालू आहे. चारापर्यंत मात्र पोचता येत नाही, दोनालाच सुटतो. खोकला मधे येतो. सवय नाही म्हणून असेल. तुला किती दिवसांनी जमायला लागलं? तेवढं कळव.

बाबा

२९ ऑगस्ट, रात्री, बसच्या थांब्यावरून

बाबा,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. पहाटेची पहिली गाडी मिळेल, दुपारपर्यंत तुमच्या हातात देईन. आत्ता लिहिलं नाही तर या बाकावर माझं डोकं फुटेल.

आज दुकान बंद करताना ती आली. ड्यूटीच्या बुटाचा तळ सुटला होता. मी बूट उलटा करून खिळे शोधायला लागलो. तुमच्या पायांचे दोन कागद मी फळीला टाचणीनं लावून ठेवलेत. रागानंच लावले होते, रोज दिसावेत म्हणून. ती म्हणाली, "हे दोन कुणाचे?"

म्हटलं, "दोन नाहीत, एकच माणूस. माझे वडील. बूटवाल्याला पेन्सिल धरता येत नाही, बघ."

ती हसली नाही. कागद काढून एकावर एक धरले. "सकाळ, संध्याकाळ. एका दिवसात?"

"संध्याकाळी पाय वाढतोच. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं."

"किती वाढतो?"

"सूतभर."

"आणि हे किती आहे?"

मी दोन रेघांच्या मधे बोट ठेवलं, बरोबर मावलं. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. उशा किती घेतात, जिन्यात थांबतात का, रात्री खोकला येतो का, आडवं झाल्यावर होतं की बसल्यावरही. बाबा, मला सगळ्यांची उत्तरं येत होती. सगळी तुम्ही लिहून पाठवली होतीत. फक्त खोकल्याचं माहीत नव्हतं. तुमचं नऊ तारखेचं पत्र मी उघडलंच नव्हतं, पॉलिशच्या डब्याखाली होतं. तिनं ते माझ्यासमोर उघडायला लावलं.

ती म्हणाली, "तुझं मनाचं होतं. त्यांचं हृदयाचं आहे. ते दमलंय, त्याला पाणी उपसता येत नाही, म्हणून ते पायांत साचतं. तुझा उपाय त्यांना कुणी सांगितला?"

मी सांगितला होता, बाबा. मी.

दुकानाचा फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. शिंप्याचा नंबर माझ्याकडे नाही, कधी घेतलाच नाही. मी पाठवलेलं सगळं विसरा. मोजू नका. हृदय ठणठणीत म्हणू नका. डॉक्टर मला तपासून बोलला होता, तुम्हाला नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांच्या डोक्यात कशी आली नाही?

आणि पेन्सिल सरळ होती. तुम्ही हात कापतो म्हणालात, पण थरथरत्या हाताची रेघ वेडीवाकडी येते, तुमची एकसारखी आहे. ते मला त्या दिवशीही दिसलं होतं.

येतोय. तोपर्यंत खुर्चीतच बसा.

तुमचा भडकू

१४ सप्टेंबर

तुला,

वेळेवर पोचलास का, असं तू तुझ्या रुग्णालयातून लिहून विचारलंस. हो आणि नाही.

मी पोचलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. आदल्या संध्याकाळीच शिंप्यानं त्यांना दवाखान्यात नेलं होतं. ते बोलत होते, नाकाला नळी होती. मला बघून म्हणाले, "फोन बंद पडला का, समोरासमोर भांडायला आलास?" मी ते पत्र त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचलं, दोनदा. मग घडी करून उशीखाली ठेवलं आणि म्हणाले, "बाप-लेकाला एक डॉक्टर पुरे, हे कुणी लिहिलं होतं? मीच ना? मग झालं."

झालं नाही, पण ते तसं म्हणाले.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. दोन महिने आधी आणलं असतं तर बरंच करता आलं असतं म्हणाल्या. आता करू तेवढं करू. मी दोन महिने मागे मोजले, तर आकडा बरोबर जुलैच्या सुरुवातीवर आला.

ते सात दिवस होते. आठव्या पहाटे गेले. मी शेजारी स्टुलावर होतो, जागा होतो. त्यांना धाप लागली नाही. झोपेतच एक श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. मी कितीतरी वेळ पुढचा मोजत बसलो होतो.

हे तुला का लिहितो? तू उपकार केलेस म्हणून, आणि आता तुझ्याकडून काही नको म्हणूनही. फाटकापाशी तू बोललीस ते खरं होतं. तुझ्यामुळे माझं काही खराब झालेलं नव्हतं. मी सगळीकडे स्वतःचंच दुखणं बघत होतो, तुझ्या घड्याळात, त्यांच्या कागदातसुद्धा. रात्री अजून जाग येते. छाती तशीच धावते. पण आता मी मोजत नाही. उठून बसतो आणि धावू देतो.

दुकान मी चालवणार आहे. इतके दिवस बंद होतं तरी लोक बूट शिंप्याकडे ठेवून गेलेत, वर चिठ्ठ्या लावून.

एक गोष्ट तुला सांगायचीच आहे, कारण आपल्या तिघांपैकी ती कळणारी आता तू आणि मीच उरलो. औषधांनी पायांतलं पाणी उतरलं होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "बूट आणलेस का?" मी दुकानाच्या फळीवरून आणून ठेवले होते. पाय खाली सोडून बसले. मी घातले, नाड्या बांधल्या. खिडकीबाहेर दिवे लागत होते. त्यांनी टाच दोनदा जमिनीवर आपटली आणि बोटं आत हलवून बघितली.

मग म्हणाले, "बसले."

नंतर बूट काढायला लावले आणि कागद मागितला. परिचारिकेनं जुन्या तक्त्याचा पाठकोरा कागद दिला. मी खाली बसलो, त्यांचा पाय कागदावर ठेवला. जानेवारीतल्या पायापेक्षा तो हलका होता, हाडं हाताला लागत होती. पेन्सिल टाचेशी टेकवली तेव्हा वरून आवाज आला.

"उभी धर," ते म्हणाले. "आणि वर लिही, संध्याकाळ."